बर्फवाल्याच्या जावयाची गाडी

मामा गिऱ्हाइकाच्या नव्याकोऱ्या गाडीचं कार्पेट कात्रीनं कापत होता, आणि गिऱ्हाईक मागं उभं राहून बोंबलत होतं.

"अहो, काय करताय! गाडी परवा शोरूममधून काढलीय!"

"म्हणून तर बरंय," मामा सीटखालून म्हणाला. "जुनं कार्पेट कात्रीचं ऐकत नाही."

त्या माणसाला अ‍ॅम्प सीटखाली हवा होता आणि वरून कार्पेट हवं होतं. सगळ्यांना तसंच हवं असतं. आवाज चार गल्ल्यांपलीकडं गेला पाहिजे, पण गाण्याचा आवाज वाढवणारी ही पेटी कुणाच्या नजरेला पडायला नको. आता ही अ‍ॅम्पची पेटी म्हणजे काय, तर धातूचा डबा, वरून कंगव्यासारखे दाते. त्या दात्यांना वारा लागला तर ती चालते. नाही लागला तर तापते, लाल दिवा लावते आणि आपणहून बंद पडते. गाणं अर्ध्यात मरतं. पेटी गार झाली की परत जिवंत.

मामानं कार्पेटला खिडकी पाडली, कडा चिकटवल्या आणि बाहेर येऊन विचारलं, "तुम्ही तोंडावर उशी घेऊन झोपता का?"

"नाही."

"मग झालं तर."

तो माणूस गेला तो परत आला नाही. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक परत न येणं यासारखं कौतुक नाही.

बाजारात मामाला बर्फवाला म्हणतात. नाव शेजारच्या टायरवाल्यानं चिडवायला ठेवलं होतं, ते चिकटलं. मामानं बसवलेली पेटी तापत नाही, ही त्याची ख्याती. दुकानाच्या पाटीवर दुसरंच नाव आहे, ते मलाही वर बघून वाचावं लागतं. त्याची परीक्षा घ्यायची पद्धत अशी : भर दुपारी गाडी उन्हात लावायची, काचा बंद, आवाज पूर्ण, आणि आपण आत बसायचं. पेटीच्या आधी मामा तापला तर काम पास. तो आतून बाहेर यायचा तेव्हा विहिरीतून काढल्यासारखा दिसायचा. आत कुठलं गाणं होतं विचारलं तर सांगता यायचं नाही. गाणी त्याला आवडतच नाहीत.

मी नववीत शाळा सोडली तेव्हा घरच्यांनी सगळे नातेवाईक गोळा केले. जो तो मला अक्कल शिकवून गेला. मामा एकटाच म्हणाला, "माझ्याकडं पाठवा. पान्याचे नंबर शिकवतो, बाकीच्या नंबरांचं नंतर बघू." तेव्हापासून वायरिंग माझं, पेटी त्याची. आणि मामाला कुणी वाकडं बोललं की माझा हात आधी पान्याकडं जातो. टायरवाल्याला विचारा.

मामी जाऊन बरीच वर्षं झाली. मामाला एकच मुलगी, माझी ताई. ती घाटापलीकडच्या शहरात दिलेली. आमचे भाऊजी माणूस वाईट नाहीत. पीत नाहीत, ओरडत नाहीत, वेळेवर घरी येतात. फक्त कामाशिवाय गाडी बाहेर काढत नाहीत. आणि नुसतं भेटायला जाणं हे त्यांच्या मते काम नाही.

"फोन आहे ना?" म्हणतात. "तोंडं दिसतात की त्यात."

त्यांना शौक एकच, गाडीतला आवाज. लग्नात मामानं त्यांच्या गाडीत सगळं आपल्या हातानं बसवून दिलं होतं. दोन वर्षं तक्रार नाही. म्हणजे दोन वर्षं ताईही नाही.

मग ताईला बाळ झालं, आणि थोड्याच दिवसांत भाऊजींचा फोन आला. पेटी तापते, मधेच बंद पडते. मामा म्हणाला, "घेऊन या, बघतो." रविवारी तिघं आले. मी पान्यासकट धावले, तर मामानं मला अडवलं.

"जावईबापूंच्या गाडीला कुणी हात लावायचा नाही. मी बघणार."

"अरे पण वायरिंग मी—"

"मान असतो जावयाचा. तू चहा टाक."

त्यानं एकट्यानं बघितलं. संध्याकाळी गाडी झकास वाजत गेली. काही दिवसांनी परत तेच. मग परत. दर दोन-तीन रविवारी भाऊजी तोंड पाडून हजर. पेटी गार व्हायला अर्धा तास खूप झाला, हे मला माहीत आहे, टायरवाल्याच्या कुत्र्यालाही माहीत असेल. पण मामा गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "संध्याकाळपर्यंत लागेल जावईबापू, वेळखाऊ काम आहे." मग बाळाला मांडीवर घेऊन बसायचा. ताई त्याच्या शेजारी, जुन्या गाडीच्या सीटवर पाय वर घेऊन. काय बोलायचे देव जाणे, पण बोलायचे. भाऊजी दुसऱ्या सीटवर झोपायचे. दुरुस्ती फुकट होती, आणि फुकटची दुरुस्ती सोडणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

बाजाराला डोळे असतातच.

"काय बर्फवाले," टायरवाला म्हणाला, "घरचाच बर्फ पाघळला म्हणायचा!"

मी पाना उचलला.

"ठेव ते," मामा म्हणाला.

"ऐकलंस ना तो काय म्हणतोय?"

"ऐकलं. पाघळला हा शब्द बरोबर आहे. ठेव."

त्याच सुमाराला मोठ्या रस्त्यावरच्या शोरूमला माणूस हवा होता. जेवढ्या नव्या गाड्या विकतील तेवढ्यांत अ‍ॅम्प बसवायचं काम. मामाला ते हवं होतं. उघड म्हणाला नाही, पण दाढी रोज करायला लागला. आमच्याकडं गाडी रस्त्यावर उभी राहते आणि माणूस तिच्या खाली आडवा. त्याचे गुडघे असे वाजतात की फुटलेला स्पीकर बरा. शोरूममध्ये गाडी वर उचलणारं यंत्र आहे, वर छप्पर, खाली फरशी. तिथले साहेब म्हणाले होते, "नाव ऐकलंय तुमचं. एकदा येऊन काम बघतो."

आले ते नेमके रविवारी. भाऊजी नुकतेच पोचले होते. मामा बाळासाठी दूध आणायला गेला होता. भाऊजी गाडीत बसून मला दाखवत होते की बघ, आता वाजतंय, आता वाजतंय, आणि साहेब दारात उभे राहिले त्याच क्षणी गाणं मेलं. लाल दिवा.

साहेबांनी विचारलं, "ही कुणी बसवलीय?"

"सासऱ्यांनीच," भाऊजी म्हणाले. मग त्यांना वाटलं आपण सासऱ्यांबद्दल काही चांगलं बोलावं. "सारखी तापते. पण स्वभावानं लाख माणूस."

माझं डोकं फिरलं. जावयाचा मान गेला खड्ड्यात. पलीकडचं दार उघडून मी सीटखाली हात घातला. पेटी हाताला लागायच्या आधी काहीतरी मऊ लागलं. ओढलं तर बाळाची रजई. पिवळी, वर बदकं. इस्त्रीखालून काढल्यासारखी गरम.

म्हणजे मामाचं काम चोख होतं. पेटीला कुणीतरी पांघरूण घातलं होतं, तेही व्यवस्थित घडी करून. मी वळून बघितलं. ताई बाळाला कडेवर घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. इतकीच, नको म्हणून. भाऊजींना कळलं तर इकडची वाट बंद, हे मलाही समजलं. पण साहेब तोंड वाकडं करून निघायच्या बेतात होते, आणि मामाचं नाव माझ्या हातात होतं, बदकांसकट.

मी तोंड उघडलं. "साहेब, हे बघा—"

"माझीच चूक आहे साहेब," मागून मामाचा आवाज आला. हातात दुधाची पिशवी. त्यानं माझ्याकडून रजई घेतली, टॉवेलसारखी खांद्यावर टाकली. "जागा चुकली माझी. तिथं वारा पोचत नाही."

"स्वतःच्या जावयाच्या गाडीत ही गत," साहेब म्हणाले, "तर आमच्या गिऱ्हाइकांचं काय करणार तुम्ही?"

"बरोबर आहे तुमचं," मामा म्हणाला. "दूध घ्याल? चहा होईल."

साहेब थांबले नाहीत. ते काम पुढच्या चौकातल्या एका पोराला गेलं, जो पेट्या कार्पेटखाली पुरतो.

संध्याकाळी गाडी गेल्यावर मी सुरू झाले. "ताईनं मुद्दाम केलं! आणि तू सगळं स्वतःवर घेतलंस!"

"बाळाला दात येतायत, बघितलंस?"

"मामा! तुझं नाव घालवलं तिनं."

"नाव कुठं जातंय? पाटीवर आहे की."

मी ताईशी बोलणं टाकलं. ती यायची, मी वायर सोलत बसायची. ती येत राहिली, कारण पेटी तापायची थांबली नाहीच. मामा अजून रस्त्यावर आडवा होऊन काम करत होता आणि त्याला उठवायला माझा हात लागत होता. बर्फवाला म्हणायचं लोकांनी हळूहळू सोडलं. टायरवाल्यानंसुद्धा. त्यानं सोडलं तेव्हा मला जास्त लागलं.

वर्षभरानं भाऊजींनी गाडी विकली आणि नवी घेतली, तिच्यात आवाज कंपनीचाच होता. पण तोवर बाळ चालायला लागलं होतं आणि आजोबा म्हणून भोकाड पसरायचं, म्हणून भाऊजींना कामच मिळालं. त्या दिवसांत एकदा ताई माझ्या शेजारी येऊन बसली. मी सरळ म्हणाले, "तुला बापाच्या गुडघ्यांची दया नाही आली?"

तिनं माझ्या हातातली वायर काढून घेतली. मग म्हणाली, "पहिल्यांदा मी ती रजई मुद्दाम नव्हती ठेवली गं. सामान कोंबताना चुरगळून सीटखाली गेली, मी विसरले. पेटी बंद पडायला लागली, म्हणून आम्ही आलो. बाबांनी एकट्यांनी बघितलं, आठवतंय? परत जाताना चौक ओलांडला आणि पाण्याच्या बाटलीसाठी मी खाली हात घातला. रजई तिथंच होती. चार घड्या करून पेटीवर बसवलेली, कोपरे आत खोचून."