धडा घरी सांगून या

खांबेटे मॅडमना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, म्हणून इथल्या मराठी मंडळाच्या लोकांनी मला लिहायला सांगितलं. माझं शिक्षण सातवीपर्यंत. जयपूरच्या गोपालपुऱ्यात होस्टेलच्या मुलांना मी डबे पुरवते. मॅडम अकरावी-बारावीला इंग्रजी साहित्य शिकवतात, त्यातलं मला काही कळत नाही. पण त्यांची शिकवायची रीत माझ्या स्वयंपाकघरातून गेलेली आहे, तेवढंच लिहिते.

ओळख भांडणातून झाली. माझी थोरली मुलगी पल्लवी अकरावीत याच विषयात नापास झाली. तिचे वडील सीतापुऱ्यात कपड्यांच्या कारखान्यात आहेत. त्यांनी सांगून टाकलं, पूरक परीक्षेतही नापास झाली तर शाळा बंद, माझ्याबरोबर धागे कापायला यायचं. मी डबे पोचवून तशीच शाळेत गेले.

"उत्तर बरोबर असून शून्य कसं दिलंत?"

"उत्तर बरोबर आहे, पल्लवीचं नाही," मॅडम म्हणाल्या. "पासबुकातलं आहे. अर्ध्या वर्गाचं शब्दाला शब्द तेच."

इथे जयपुरात गाइडला पासबुक म्हणतात. मी म्हटलं, "पाठ करायला मेहनत लागत नाही का?"

"लागते, ती दिसते. गोष्ट वाचलेली दिसत नाही."

"थोडे मार्क वाढवा. मतलब, पोरीची शाळा वाचेल."

"वाढवणार नाही. परीक्षेपर्यंत रोज माझ्या घरी पाठवा. आणि पल्लवीच्या आई, काम तुम्हालाही आहे."

काम असं. धडा झाला की मुलांनी तो घरी इंग्रजी न येणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत सांगायचा, आणि त्या माणसाचा एक प्रश्न वर्गात न्यायचा. सगळ्यांना हाच नियम. एक बँकेतले साहेब म्हणाले, आमच्या घरी सगळ्यांना इंग्रजी येतं. मॅडम म्हणाल्या, मग वॉचमनना सांगू दे. आमची पल्लवी वर्षभर माझ्या नावावर प्रश्न मनानेच बनवून नेत होती.

आता ती ओट्याशी उभी राहून सांगायला लागली. एक म्हातारी रोज खिडकीत दिवा लावून परदेशी गेलेल्या मुलाची वाट बघते.

"तेल कोण आणून देतं तिला?" मी विचारलं.

"काहीही विचारतेस आई. दिवा प्रेमाचं प्रतीक आहे."

"असेल. तेल लागतंच."

मला गप्प करायला तिने पुस्तक उघडलं. ओळीओळीवर बोट फिरवत धडा पहिल्यापासून वाचला. मग म्हणाली, "शेजारीण आणते. दोघींचं बोलणं नाही. दाराशी बाटली ठेवून जाते. एकाच ओळीत आहे." आणि थोड्या वेळाने, "पासबुकात ही शेजारीण नाहीच."

त्या उन्हाळ्यात मला ताप आला, पल्लवीला पोळ्या सोडून जाता येईना. मॅडम भर दुपारी स्वतः आल्या, माझ्या मोडक्या स्टुलावर बसल्या आणि ती पोळ्या लाटत असताना तिला शिकवून गेल्या. पैसे कधी घेतले नाहीत, त्याचा उल्लेखही केला नाही.

पूरक परीक्षेत पल्लवीने शेजारणीवर लिहिलं. इंग्रजीच्या चुका होत्या, त्यांचे मार्क मॅडमनी कापले. जेमतेम पास झाली. मी म्हटलं, थोडा हात सैल सोडला असतात तर. त्या म्हणाल्या, "मग ती पास झाली असं तिला वाटलं नसतं."

आता ती याच विषयात बी.ए. करते. घरात प्रत्येक गोष्टीला प्रश्न काढते, त्याचा त्रास होतो.

धाकटी पुढच्या वर्षी अकरावीत जाईल. या खेपेला तिच्या वडिलांनीच विषय काढला, मॅडम रिटायर झाल्या तरी घरी शिकवतील ना. मी म्हटलं, विचारते. तर मॅडम, विचारलं. गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलत बसू नका, गोळ्या वेळेवर घ्या आणि पुष्कळ वर्षं जगा. आम्हाला तुम्ही लागणार आहात.