विड्या वळताना ऐकलेली कादंबरी

माझी पहिली कादंबरी ई-बुक म्हणून मी स्वतःच प्रकाशित केली. मुखपृष्ठ मोबाईलवरच केलं आणि एका सकाळी बटण दाबून मोकळी झाले. खरा ताण त्यानंतरचा. स्वतःचा ढोल स्वतःच बडवायचा. रोज स्टेटस ठेवायचं, नातेवाइकांच्या ग्रुपवर लिंक टाकायची. अंगठे आणि फुलं भरपूर यायची. "वाचलंस का?" विचारलं की समोरचा सोलापूरच्या उन्हाविषयी बोलायला लागायचा. एका लग्नात जेवताना शेजारणीला पुस्तकाबद्दल सांगितलं, तर ती म्हणाली, "छान छंद आहे." मला माझ्याच लोचटपणाची लाज वाटायला लागली होती.

अशात एका दुपारी शहराच्या पूर्व भागात पिन्नीकडे गेले. पिन्नी म्हणजे आईची धाकटी बहीण. आमच्या घरात बोलणं तेलुगू, मी लिहिते मराठीत, आणि पिन्नीला दोन्हींतलं एक अक्षर वाचता येत नाही. म्हणून तिला मी पुस्तकाचं सांगितलंही नव्हतं.

दारापाशी पोचले तर आतून एका बाईचा आवाज येत होता. सपाट, दम न घेता बोलणारा. शब्द ओळखीचे वाटले म्हणून कान दिला. ती माझी वाक्यं होती.

पिन्नी, तिची सून आणि गल्लीतल्या तिघीचौघी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. आवाज घुमावा म्हणून सुनेचा फोन मधे पातेल्यात ठेवलेला. तिनं माझ्या स्टेटसवरून पुस्तक घेतलं होतं आणि फोनलाच वाचायला लावलं होतं. फोन नको तिथं थांबत होता, रडण्याचा प्रसंग रेल्वेची घोषणा करावी तसा वाचत होता. कुणाला त्याचं काही नव्हतं.

माझी नायिका घर सोडून निघाली होती.

"जाऊ नको गं बाई," एकजण फोनला म्हणाली.

"जाऊ दे की! किती सोसायचं तिनं?" दुसरी.

मराठी नीट न कळणाऱ्या एका म्हातारीला पिन्नी हळूच तेलुगूत सगळं सांगत होती. मी न लिहिलेली एक सासूही तिनं त्यात घातली.

मी उंबऱ्यातच उभी. पुस्तक धरायला या बायकांचे हात कधी मोकळेच नसतात, हे आजवर माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

सुनेनं मला पाहिलं. "अगं, हिनंच लिहिलंय की हे!"

सगळ्या वळल्या. आता काहीतरी विचारतील म्हणून मी सावरून उभी राहिले.

"तू व्हय?" 'जाऊ नको' म्हणणारी बाई म्हणाली. "मग पुढचं सांगू नको. बस हितं, गप ऐक."

बसले. पुढं काय होणार हे मलाच ठाऊक, तरी फोनकडे सरकून ऐकत होते. नायिका स्टँडवर एकटी उभी राहिली, तेव्हा पिन्नीनं पदर डोळ्यांना लावला. लिहिताना मीही रडले नव्हते.

काही दिवसांनी सुनेचा फोन आला. विड्या द्यायला कारखान्यात गेलेल्या बायकांनी तिथं गोष्ट सांगितली होती. आता पलीकडच्या गल्लीतल्या बायकाही पुस्तक ऐकत होत्या.

"दुसरं कधी लिहिणार, विचारायलेत सगळ्या," ती म्हणाली.