विजेच्या समितीतल्या काकू

काकू शिवणाच्या मशीनवर बसायच्या, पण कान सगळा शेजारच्या खोलीकडे. तिथे त्यांचे यजमान, निवृत्त मास्तर, नाकात नळी घालून पडलेले असत आणि ऑक्सिजनचं मशीन घरघरत असे. घरघर थांबली की काकूंचं मशीनही थांबायचं. कोपऱ्यात सिलिंडर होता, पण तो जेमतेम दुपारभर पुरणारा.

वस्तीला वीज डिझेलच्या जनरेटरची. त्या वर्षी रस्त्यावरचा पूल खचला, डिझेलचा टँकर पलीकडेच अडकला आणि वीज थोडा थोडा वेळच सोडू लागले. एकदा सिलिंडरही संपत आला. मास्तरांचे ओठ निळे पडलेले बघून काकूंना रडूसुद्धा फुटेना. तेवढ्यात वीज आली, म्हणून निभावलं.

पूल कसाबसा दुरुस्त झाल्यावर सरकारने विचारलं, मोठा जनरेटर हवा, की ऊन आणि ओढा यांच्यावर चालणारी वीज? ठरवायला समिती नेमली. शेवटच्या जागेसाठी कुणीच पुढे येईना, म्हणून काकूंना बसवलं. मतं निम्मी निम्मी पडली. उरलं काकूंचं.

"डिझेल आपल्या ओळखीचं आहे, काकू," गिरणीवाला म्हणाला. "आठवडाभर आभाळ राहिलं तर मास्तरांचं काय?"

नेमकं हेच काकूंच्या मनात होतं. त्यांनी सरकारने पाठवलेल्या इंजिनिअर बाईंकडे पाहिलं.

"नुसत्या उन्हावर भागणार नाही," बाई म्हणाल्या. "आभाळ असतं तेव्हा ओढ्याला पाणी असतं, ओढा आटतो तेव्हा ऊन. शिवाय बॅटऱ्या, आणि जुना जनरेटर अडीअडचणीला."

"एवढं करून वीज गेली तर?"

"जाऊ शकते, काकू. खोटं कशाला सांगू?"

 उद्या सांगते म्हणून काकू घरी आल्या.

"अहो, माझ्या हातून तुमचं काही बरंवाईट झालं तर?"

"झालं तर... शिवण निवांत होईल," मास्तर धापा टाकत हसले.

"अभद्र बोलू नका!"

"बरं. टँकरला रस्ता लागतो. उन्हाला... लागतो का?"

दुसऱ्या दिवशी काकूंनी उन्हाच्या बाजूने हात वर केला. 

नवी वीज आली आणि पहिल्याच ढगाळ आठवड्यात भरदुपारी घरघर थांबली. काकू धावल्या. घामेजल्या हाताने सिलिंडरची चावी फिरेना. "मीच मारलं, मीच मारलं," असं पुटपुटत त्यांनी पदर गुंडाळून ती पिळली. हवा सुटली. मास्तरांची छाती हलली तेव्हा कुठे त्यांनी चावीवरचा हात काढला. दोष निघाला एका सैल जोडणीचा. इंजिनिअर बाई स्वतः येऊन ती घट्ट करून गेल्या.

पुढच्या वर्षी पूल पुन्हा खचला. टँकर आला नाही, वीज मात्र राहिली. मास्तर आणखी दोन वर्षं जगले आणि आजारानेच गेले.

काकू अजून समितीत आहेत. भीती काही गेली नाही. आभाळ भरून आलं की हातातलं काम टाकून बॅटऱ्यांच्या खोलीत जातात, काटा बघतात आणि तिथल्या माणसाला दोनदा विचारतात, "पुरेल ना रे?"