उजवा पाय

गेले तीन महिने ड्रायव्हरचं बूड एका जागी टेकलं नव्हतं. घरात असला की दाराशी, दाराशी असला की रस्त्यावर, आणि रस्त्यावर बस दिसली की मान खाली घालून परत घरात. सव्वीस वर्षं डोंगरातल्या वळणांवर बस चालवलेला माणूस हा! एका उतारावर गाडी आवरली नाही, कठड्याला घासत गेली आणि पहिल्या बाकावरच्या म्हातारीचा हात मोडला. चौकशी झाली, कागद आला: ब्रेक निकामी, चालक निर्दोष.

दुसरा कोणी असता तर ताणून झोपला असता. याला मात्र एकच किडा पोखरत होता. आपण ब्रेक दाबला तरी होता का? वळण आठवायचं, म्हातारीची किंकाळी आठवायची, पण पाय काही केल्या आठवायचा नाही. भीतीनं गोठला असेल तर? उद्या डेपोत गेल्या गेल्या सांगायचं होतं, पुन्हा पहाटेची पहिली बस हातात घेणार की स्टँडवर दहाला उघडणाऱ्या चौकशीच्या खिडकीत बसणार.

बायको शिवणकाम करायची. त्याच्या येरझारा बघून तिला घेरी यायची बाकी होती. "अहो, फरशी झिजली. आता जरा पाण्यावर चला," म्हणाली, आणि तळ्यावर नवशिक्यांना संध्याकाळी पॅडलबोर्ड, म्हणजे तरंगत्या फळीवर उभं राहून वल्हवायला, शिकवतात तिथं दोघांची नावं घालून आली.

तळ्यावरही तेच. लाइफ जॅकेटचे पट्टे चारदा सोडले, चारदा बांधले. पाणी किती खोल, हे तीनदा विचारलं.

"काका, आधी गुडघ्यांवर, मग हळूच उभे राहा," शिकवणारी मुलगी म्हणाली. "पायाकडे नाही, लांब बघायचं."

"जन्मभर लांबच बघत आलोय, पोरी."

बायको पहिल्याच झटक्यात उभी राहिली! याच्या मात्र नाकी नऊ आले. कसाबसा उभा राहिला खरा, पण वल्हं पाण्यात आणि जीव डेपोत. ऊन डोंगराआड गेलं तरी त्याला पत्ता नाही. तेवढ्यात ऐट दाखवायला वळलेली बायको नेमकी त्याच्या आडवी आली.

"अहो, सरका!"

"अगं, तू सरक!"

आणि धप्प! फळी एका अंगाला कलली आणि ड्रायव्हर वल्ह्यासकट पाण्यात.

खोकत वर आला, फळीला लटकला. मुलगी हसू दाबत म्हणाली, "काका, उजवा पाय एवढ्या जोरात का दाबलात?"

"मी? छे! मी कुठं दाबला?"

"दाबलात की! धाडकन."

"मीही बघितलं," बायको म्हणाली. "अगदी ब्रेक दाबल्यासारखा."

ड्रायव्हरनं आठवून बघितलं. बायको आडवी आलेली आठवत होती, तिचं ओरडणं आठवत होतं. पाय आठवत नव्हता.

"अगं," तो म्हणाला, "म्हणजे त्या दिवशीही दाबला असेल मी."

"मग तीन महिने हेच मी काय शिलाई मशीनला सांगत होते?" बायको खेकसली खरी, पण फळीवर मटकन बसून तिनं पदरानं डोळे पुसले. पदर ओलाच होता.

किनाऱ्याला लागल्यावर तो म्हणाला, "उद्या डबा पाचला लागेल."