हृदयाचा लेखी चार्ज

डायरीत लिहिलं होतं, ‘दुपारी ३.१०. लिफ्ट बंद. तीन मजले चढलो.’ ग्राफमध्ये त्याच वेळी ठोके मिनिटाला बावन्न. माणूस गाढ झोपलेला. झोपेत जिने चढणारा पेशंट मी पहिल्यांदाच बघत होते.

रायपूरच्या समता कॉलनीतल्या एका क्लिनिकात मी होल्टर लावते. होल्टर म्हणजे छातीला वायरी चिकटवून चोवीस तास ठोके टिपणारं छोटं मशीन. सोबत डायरी देतो, कधी काय केलं ते लिहायला. हे पेशंट सुनीलभाऊ, नवा रायपुरात सरकारी बाबू. मशीन त्यांनी पिशवीत घालून परत पाठवलं होतं.

त्यांच्या हृदयाचा स्नायू जाड, आजार वडिलांकडून आलेला. अशा हृदयाचे वरचे कप्पे कधी कधी नुसते थरथरतात. रक्त साचतं, गुठळी होते, ती मेंदूत गेली की लकवा. ग्राफमध्ये संध्याकाळी चाळीस मिनिटं तीच थरथर होती. आमच्या डॉक्टर सरांनी रक्त पातळ करायची गोळी लिहूनही टाकली.

मी चिठ्ठी अडवली. सर तापले. मग त्यांनी डायरी ग्राफशेजारी धरून पाहिली. रिपोर्टसाठी आलेल्या सुनीलभाऊंना आत बोलावलं.

“दीदी, त्या दिवशी सायबाची मीटिंग होती. वायरी लटकवून कसा जाऊ? सकाळीच मोठ्या भावाले पूर्ण दिवसाचा चार्ज देऊन दिला.”

“चार्ज?”

“हव. सुट्टीवर जाताना खुर्चीचा देतो, तसा. लेखी दिला ना.” त्यांनी कागद काढला. ‘मशीन एक, वायरी पाच, चालू स्थितीत.’ खाली दोघांच्या सह्या. भावाला वायरी कुठे चिकटवायच्या, त्याचे फोटोही मोबाईलमध्ये होते.

“अन् डायरी?”

“डायरी माझीच. पेशंट मी आहो ना.”

“पण असं काहून केलं?”

“खानदानी आजार आहे, असं तुम्हीच म्हटलं. दोघाईचं दिल एकाच बापाचं.”

मला हसू येईना, भीतीच वाटली. थरथर मोठ्या भावाची, प्रभाकरभाऊंची होती. ‘मले काही होत नाही’ म्हणत ते दोन वर्षं तपासणी टाळत होते. आणि गोळी निघाली होती धाकट्याच्या नावावर.

त्यांना लगेच बोलावलं. ईसीजी काढला, एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. स्नायू त्यांचाही जाड, थरथर चालूच. सरांनी नवी चिठ्ठी लिहिली. सुनीलभाऊंना मी होल्टर पुन्हा लावलं, चिकटपट्ट्या जरा जास्तच मारल्या.

जाताना प्रभाकरभाऊंनी गोळ्यांचं पाकीट उलटसुलट पाहिलं. “मी गावाले गेलो त सुनील खाऊन घेईन ना माह्या वाटची?”

“नाही,” सर आणि मी एकदमच म्हणालो.

तेव्हापासून मशीन मीच काढते, आधी चेहरा बघून. आणि सुनीलभाऊंवर मला रागावता आलं नाही. त्यांनी भावाचा दिवस विचारून डायरी लिहिली असती, तर मला काहीच कळलं नसतं.