माहूजच्या झाडाचं नाव

आई सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत निलगिरीच्या रोपांसाठी पिशव्यांत माती भरायची. बोटांना भेगा पडलेल्या, भाकरी थापताना झोंबायच्या. आम्हा दोघा भावंडांचं शिक्षण झेपणारं नव्हतं. दादा दहावीनंतर वेल्डिंग शिकून बहरीनला आला, म्हणून मी वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली पदवीधर. इथल्या ऑफिसातली नोकरीही त्यानंच शोधून दिली. मध्यंतरी सित्राहून, तो कामाला होता तिथून, त्याच्या फोरमनचा फोन आला, "सिस्टर, जल्दी आओ." पोचले तोवर दादा गेला होता...

तो होता तेव्हा दर शुक्रवारी माहूजला, मी राहते त्या भागात, माझ्याकडे जेवायला यायचा. इमारतीपुढच्या निलगिरीला हात लावूनच वर चढायचा. "सुमे, ही आईच्या हातची जात. साल बघ!" साल खरंच तशी होती. पट्ट्यापट्ट्यांनी सुटणारी, आत पांढुरकी, गुळगुळीत.

"दादा, सालीवरून नाही ठरत. निलगिरीच्या या दोन जाती म्हणजे बहिणी, दोघींची साल सारखीच सुटते. आईकडच्या झाडाच्या कळीला शिंगासारखी लांब टोपी. दुसरीची टोपी गोल, वर छोटी चोच."

"मग बघ की कळी."

"येऊ देतात कुठं? त्याआधीच छाटतात."

"एवढी बी.एस्सी. झाली, अन् कळीपाशी अडली! आईले तं मी कवाच सांगून बसलो, तुझंच झाड हाये म्हणून."

मग त्यानं छाटणीवाल्याला गाठलं. "भाई, एक डाली छोड देना. सिस्टर का एग्झाम है." छाटणीवाला हसला, "इंशाल्ला."

दादाला गावी पोचवलं, पुण्यानुमोदनाचा विधी झाला, मी परतले. झाड छाटलेलं होतं. माझ्या गॅलरीकडची एक फांदी तेवढी राखलेली. काही दिवसांनी तिच्यावर कळ्या धरल्या. वाकवून पाहिल्या... शिंग नव्हतं. गोल टोपी, वर चोच.

त्याच दिवशी आईचा फोन आला. "पोरगा म्हणे, माझंच झाड हाये तिथं. खरं काय वं?"

हो म्हणणं सोपं होतं. पण याच एका उत्तरासाठी दादानं फांदी राखून घेतली होती.

"नाही आई. तुझ्याकडचं नाही हे. त्याची बहीण आहे."

आई म्हणाली, "बहीण हाये ना... मंग पाणी घालत जाय तिले."

माहूजच्या त्या झाडाची ओळख पटली आहे. यूकॅलिप्टस कमाल्डुलेन्सिस.