खो-खोचा खांदा

आधी अक्कांचं सांगते, मग माझं. अक्का मूळच्या उदगीरच्या. लातुरात क्लासच्या पोरापोरींसाठी मेस चालवतात आणि मी त्यांच्याकडे पोळ्या लाटते. दुपारची पंगत उठली की पातेली घासायचं काम माझं होतं. ते त्यांनी स्वतःकडे घेतलं. माळ्यावरून लेकीचा जुना बास्केटबॉल काढला, सायकलच्या दुकानातून हवा भरून आणायला लावली आणि म्हणाल्या, "जा. ऊन हाय तोवर मैदान रिकामं ऱ्हातंय." त्यांची लेक आता बंगळुरात नोकरी करते. तिच्या चेंडूवर माझा काय हक्क? पण अक्कांनी दिला.

सगळा मराठवाडा लातूरला शिकायला येतो. मी आले ती शिकणाऱ्यांच्या पोळ्या लाटायला. हदगावकडच्या आमच्या गावात शाळा आठवीला संपते. पुढे एसटीनं जावं लागतं. परतीची गाडी संध्याकाळी कधी यायची, कधी नाही, म्हणून घरच्यांनी मला घरी बसवलं. गाडी वेळेवर का येत नाही, हे डेपोत जाऊन कुणी विचारलं नाही. मलाच थांबवलं. तो राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

गल्लीच्या टोकाला सिमेंटचं मैदान आहे. जाळी फाटलेली, रिंग जरा वाकलेली. दुपारी तिथं मी एकटी. उजवीकडून धावत जायचं, दोन पावलं टाकायची, उडायचं आणि बोर्डावरच्या चौकोनाला चेंडू लावून आत सोडायचा. याला ले-अप म्हणतात, हे मी संध्याकाळी मेसच्या खिडकीतून बघून शिकले. संध्याकाळी तिथं बास्केटबॉलचे सर शिकवायचे आणि कॉलेजची पोरं-पोरी खेळायची. मी धीर करून एकदा त्या वेळी गेले.

"ओळखपत्र?" सरांनी विचारलं.

"न्हाई."

"कोणतं कॉलेज?"

"शाळाच सुटली माझी."

"मग इथं काय काम?"

एक पोरगा ओरडला, "सर, बघा की, बॉल भाकरीवानी थापायली!" सगळे हसले. माझे कान तापले. खरं सांगते, तो रडवेलेपणा नव्हता. चेंडू त्याच्या तोंडावर फेकावा असं वाटत होतं. फेकला नाही, कारण चेंडू अक्कांच्या लेकीचा होता.

रात्रीच्या जेवणाला सर नेहमीसारखे मेसमध्ये बसले. मी पोळी वाढायला गेलेच नाही. अक्का गेल्या. पोळी ताटात टाकली आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सर, वर्ष झालं, हिच्या हातची पोळी खाताव. कधी ओळखपत्र इचारलंव?"

सरांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "बरं. रविवारी संध्याकाळी ये. उजव्या हातानं ले-अप, डाव्या हातानं ले-अप, आणि रिंगखाली पाठ करून वळून शॉट. जमलं तर रोज ये. नाही जमलं तर पुन्हा विचारायचं नाही."

त्या आठवड्यात मी रोज दुपारी तेवढंच करत होते. उजवा ले-अप येत होता. डावा कधी जायचा, कधी रिंगवरून उडून नालीत. पण खरी गाठ बसली ती तिसऱ्यात. रिंगकडे पाठ करायची, एक पाय जमिनीला रोवायचा, डाव्या खांद्यानं हूल द्यायची आणि उजवीकडून वळायचं. मला ते येईचना. डावा खांदा हलला की सगळं अंग डावीकडेच जायचं. पुन्हा करायची, पुन्हा डावीकडे. चेंडू आपटला, खांबाला लाथ मारली, स्वतःला शिव्या दिल्या.

अक्का पाण्याची बाटली घेऊन आल्या होत्या. डोक्यावर पदर, ऊन मी म्हणत होतं. थोडा वेळ बघत राहिल्या आणि एकदम हसायला लागल्या.

"हसू नका अक्का, मी इथं मरून राहिले!"

"अगं, तू खो-खो खेळायलीस!"

मी थांबले. गावच्या शाळेत मी खो-खोत पाठलागाला असायची. तिथं खो मिळाला की एक दिशा धरायची. खांदा ज्या बाजूला गेला ती बाजू पक्की, खांब येईपर्यंत मागं वळायचं नाही. वळलं की शिट्टी. माझं अंग अजून त्या शिट्टीला भिऊन होतं. अक्काही उदगीरला लग्नाच्या आधी खो-खोच खेळायच्या.

"हितं कोण शिट्टी मारतंय तुला?" त्या म्हणाल्या. "फीर की मागं!"

फिरले. चेंडू आत गेला नाही, पण फिरले. मग तो अख्खा तास मी नुसती फिरत होते, दात-ओठ खात. मागं वळायचं नाही, हे मला कुणीकुणी शिकवलं ते एकेक आठवत होतं, आणि त्यात खो-खोचे गुरुजी सगळ्यात कमी होते.

रविवारी उजवा ले-अप गेला. डावा हुकला. पोरं "ओऽऽ" करून ओरडली. सर तोंड उघडणार, तेवढ्यात परत आलेला चेंडू मीच धरला. तोच भाकरीवाला पोरगा अडवायला मागं उभा होता. मी डावा खांदा टाकला. तो डावीकडे उडाला. मी उजवीकडून वळले आणि चेंडू बोर्डाला लावून आत घातला. पोरगा अजून हवेतच होता म्हटलं तरी चालेल.

"डावा गेला नाही," सर म्हणाले.

"जाईल," मी म्हणाले. आवाज माझ्याही नकळत चढला होता.

सरांनी शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळली. "उद्यापासून ये. पाच वाजता."

पाचला रात्रीच्या पोळ्यांची कणीक असते. मेसमध्ये जेवणाऱ्या माणसाला हे माहीत नाही? माझं डोकं पुन्हा भडकलं. दार उघडायचं आणि उंबऱ्यात काहीतरी आडवं ठेवायचं. मेसवर परत येऊन मी अक्कांना म्हटलं, "ऱ्हाऊ द्या. न्हाई जात."

"कणीक मी मळते," त्या म्हणाल्या.

"तुमचा खांदा दुखतो."

"दुखू दे. तुझा आत्ता कुठं वळायलाय."

तेव्हापासून रोज पाचला मी मैदानावर असते आणि अक्का परातीपुढे. डावा ले-अप आता जातो. पण चेंडू वर सोडताना मला त्यांचा खांदा दिसतो, आणि मग राग कुणावर काढायचा तेच कळत नाही. अक्का सगळ्यांच्या शेवटी जेवतात. पोळी तोवर गार, कडक झालेली. इतकी वर्षं त्यांना तव्यावरची पोळी कुणी वाढली नाही.

अक्का, एक दिवस माझं स्वतःचं स्वयंपाकघर होईल. त्या दिवशी पंगतीत पहिलं ताट तुमचं. कणीक मी मळणार, पोळी मी लाटणार, आणि तव्यावरून थेट तुमच्या ताटात. तुम्ही उठायचं नाही. बास म्हणेपर्यंत मी वाढत राहणार.